पन्नासाव्या वर्षीचे देणे

मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावर डोणगाव लागते. काळ्या मातीचा, कापूस-तुरीचा हा मुलूख. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला पश्चिमेकडून निघालेले यात्रेकरू याच रस्त्याने पुढे जातात. या गावातील एका जैन कुटुंबाच्या कापड दुकानाला २०२२ च्या अक्षय तृतीयेला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. दुकान १९७२ साली उघडले, म्हणजे दुष्काळाच्या वर्षी. माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर जात आणि पोरांच्या हातात सुकडीचे पुडे असत, अशा दिवसांत मुहूर्त करणाऱ्यांना तेव्हा अनेकांनी वेड्यात काढले होते.

सुवर्णमहोत्सव म्हटला की स्मरणिका आलीच. घरातील तरुण मंडळींनी फेब्रुवारीतच कामाला सुरुवात केली. मेहकरच्या छापखान्याशी बोलणे झाले, व्यापाऱ्यांकडून शुभेच्छांची पाने ठरली, जुनी छायाचित्रे ट्रंकेतून बाहेर निघाली. दुकानाचा इतिहास लिहिण्याचे काम नातीकडे आले. तिने दोन पाने लिहिली. त्यांत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बाबूजी होते. बाबूजींचे कष्ट, बाबूजींची सचोटी, बाबूजींची दूरदृष्टी. अशाच असतात स्मरणिका, आणि नातीने आजोबांविषयी वेगळे काय लिहावे? बाबूजींनी पाने वाचली, चष्मा काढला आणि ‘बरं आहे’ एवढेच म्हणून ठेवून दिली.

त्याच आठवड्यात, ६ फेब्रुवारीला, लता मंगेशकर गेल्या. त्या रविवारी देशातल्या कोणत्याही गावात जे झाले तेच डोणगावात झाले. चहाच्या टपरीवर, दुकानांत, एसटीची वाट पाहणाऱ्यांच्या हातांतल्या मोबाइलवर तो एकच आवाज. बाबूजींनी मात्र एक विशिष्ट गोष्ट मागितली. खामगावला खरेदीसाठी गेले असताना पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी एक कॅसेट आणली होती आणि ती गादीशेजारच्या कपाटात असायची. कॅसेट सापडली. तिची फीत चिकटून गेली होती, आणि ती वाजवायला घरात यंत्रही उरले नव्हते. वरचे नाव मात्र वाचता येत होते : ‘श्रद्धांजली’. नातीने तीच गाणी मोबाइलवर शोधून दिली आणि ती इतिहासाची दोन पाने काही दिवस तशीच पडून राहिली.

लता मंगेशकर यांनी गायनातली पन्नास वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, म्हणजे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ‘श्रद्धांजली’ हा संच गायला. पन्नास वर्षांचा आरंभ १९४२ चा. त्या वर्षी २४ एप्रिलला मास्टर दीनानाथ पुण्यात वारले. बलवंत संगीत मंडळीचे वैभव त्याआधीच ओसरले होते. आई आणि पाच भावंडे, त्यांत लता थोरली, वय तेरा वर्षेही पूर्ण नाही. मास्टर विनायकांनी आधार दिला आणि त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या मराठी चित्रपटात तिला छोटी भूमिका आणि गाणे मिळाले. त्याआधी ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित केलेले गाणे चित्रपटात ठेवलेच गेले नाही. ज्या पेढीची पहिलीच नोंद अशी खोडली जाते, तिच्या मालकाला पुढे यशाचा हिशेब मांडताना काय काय आठवत असेल!

पन्नास वर्षे उलटली तेव्हा या बाईंकडे काय नव्हते? १९६९ चे पद्मभूषण होते, १९८९ चा दादासाहेब फाळके पुरस्कार होता. त्यांच्या निवडक गाण्यांचा संच काढायचा ठरवला असता तर एक नव्हे, दहा निघाले असते, आणि सगळेच्या सगळे विकले गेले असते. व्यापारी दृष्टीने तोच सरळ मार्ग होता. त्यांनी गायली ती मात्र दुसऱ्यांची गाणी. कुंदनलाल सैगल, पंकज मल्लिक, हेमंतकुमार, मुकेश, महंमद रफी, किशोरकुमार, गीता दत्त, जोहराबाई, अमीरबाई : गेलेल्या माणसांनी गाजवलेली गाणी, त्यांच्या नावानिशी, स्वतःच्या आवाजात. आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या वहीत स्वतःच्या नावाचे खाते न उघडता त्यांनी धनकोंची यादी लिहिली, असे एखाद्या मुनिमाने म्हटले असते.

या यादीत सैगल असणार हे उघडच होते. दीनानाथांच्या घरात चित्रपटसंगीताला फारसे स्थान नव्हते. सैगल त्याला अपवाद. पुढे कमाई सुरू झाल्यावर लताने हौसेने रेडिओ विकत घेतला. तो लावला आणि पहिली बातमी कानांवर पडली ती सैगल गेल्याची. ती तारीख १८ जानेवारी १९४७. तिने रेडिओ दुकानात परत नेऊन दिला. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. सैगलांबरोबर गायची इच्छा अशी कायमची राहून गेली. ‘श्रद्धांजली’मध्ये १९४० च्या ‘जिंदगी’ चित्रपटातली सैगलांची अंगाई आहे. संगीत पंकज मल्लिकांचे. मूळ गाण्यात एक पुरुष अतिशय जपून, जवळजवळ कुजबुजत राजकन्येला निजवतो. साठी ओलांडलेल्या लताबाई ती गातात तेव्हा त्यांनी सैगलांच्या लकबीची नक्कल केलेली नाही. आवाजाला वयाचा किंचित कोरडेपणा आलेला आहे, तो लपवलेलाही नाही. खरे सांगायचे तर मूळ गाणे अधिक चांगले आहे. संचातल्या बहुतेक गाण्यांबद्दल हेच म्हणावे लागेल. किशोरकुमारांनी ‘खामोशी’त गायलेले संध्याकाळचे गाणे कोणी कितीही चांगले गायले तरी कान किशोरकुमारांचाच आवाज शोधत राहतो. हे लताबाईंना कळत नसेल असे कोण म्हणेल? तरीही त्या गायल्या. स्पर्धेत हरण्याची खात्री असलेल्या जागी, पन्नासाव्या वर्षी, त्या जाणीवपूर्वक जाऊन उभ्या राहिल्या.

सैगल, पंकज मल्लिक हे आदराचे विषय; त्यांच्यापुढे वाकणे सोपे. अमीरबाई आणि जोहराबाई या दोन नावांचे तसे नाही.

अमीरबाई कर्नाटकी तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या. १९४३ च्या ‘किस्मत’मधल्या त्यांच्या गाण्यांनी देश वेडा झाला. तो चित्रपट कलकत्त्याच्या एकाच चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. जोहराबाई अंबालेवाली यांनी १९४४ च्या ‘रतन’मध्ये नौशादांची गाणी गायली आणि ती गल्लीबोळांत पोचली. दोघींचे आवाज भरदार, खर्जाकडे झुकणारे, बैठकीच्या गाण्यातून आलेले. त्या आवाजांना सरावलेल्या बाजारात लताचा आवाज आला तेव्हा तो ‘फार बारीक’ म्हणून नाकारला गेला. निर्माते शशधर मुखर्जींनी ‘शहीद’साठी तो घेतला नाही आणि संगीतकार गुलाम हैदर संतापले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. गुलाम हैदरांनी मग १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये तो आवाज वापरला. पुढच्याच वर्षी ‘महल’, ‘बरसात’ आणि ‘अंदाज’ हे तीन चित्रपट आले आणि बाजार पालटला. गंमत अशी की ‘महल’च्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून आधी छापले गेले ते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणारीचे नाव छापायचा रिवाज नव्हता.

बाजार पालटला म्हणजे काय झाले, हे व्यापारी घरांना समजावून सांगायला नको. नव्या धर्तीचा माल आला की जुना माल फडताळात पडून राहतो. त्यात नव्याचा दोष नसतो आणि जुन्याचाही नसतो. चार-पाच वर्षांत जोहराबाईंकडची आणि अमीरबाईंकडची गाणी आटत गेली. अमीरबाई १९६५ मध्ये गेल्या. जोहराबाई १९९० पर्यंत होत्या. ‘रतन’च्या कीर्तीनंतरचे कितीतरी वर्षांचे शांत आयुष्य त्यांच्या वाट्याला आले. कोणी कोणाचे काही हिरावले नव्हते. लताबाईंनी कोणाचे गाणे पळवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरी ज्यांच्या दुकानासमोर आपले दुकान लागले आणि ज्यांचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळले, त्यांचे नाव आपल्या सुवर्णमहोत्सवात घेणे ही वेगळी गोष्ट आहे. गाणाऱ्या बाईने ते नाव घेतले, तेही त्यांचेच गाणे गाऊन.

रफींचे प्रकरण आणखी अवघड होते, कारण तिथे पैसा मध्ये आला होता.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गायकांना मानधनाखेरीज तबकड्यांच्या विक्रीवर रॉयल्टी मिळावी, असा आग्रह लताबाईंनी धरला. गाणे वर्षानुवर्षे विकले जाते, तर त्यातला अंश गाणाऱ्याला का नाही, हा त्यांचा प्रश्न. रफीसाहेबांचे म्हणणे साधे होते : गाण्याचे ठरलेले पैसे हातात पडले की व्यवहार संपला, पुढे मागायचे काही उरत नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. वाद इतका वाढला की काही वर्षे दोघांनी एकत्र गायचे थांबवले. त्या काळात रफींबरोबरची कित्येक द्वंद्वगीते सुमन कल्याणपूर यांच्याकडे आली, तर लताबाईंबरोबर महेंद्र कपूर गायले. नंतर समेट झाला आणि जोडी पुन्हा गाऊ लागली. समेट नेमका कसा झाला, पहिले पाऊल कोणी टाकले, याविषयी दोन्हीकडच्या सांगण्यात पुढे फरक पडला. समेटाच्या गोष्टी बहुधा अशाच असतात. रफीसाहेब ३१ जुलै १९८० रोजी गेले.

न्याय कोणाच्या बाजूला होता? कायद्याच्या दृष्टीने काळाने लताबाईंचा मुद्दा उचलून धरला, कारण २०१२ च्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने गाणाऱ्या कलावंतांचाही रॉयल्टीवरील हक्क मान्य केला. पण ‘श्रद्धांजली’ गायली तेव्हा ही दुरुस्ती वीसेक वर्षे दूर होती. त्या संचातली रफींची गाणी ऐकताना वादाचा कोणताही मागमूस लागत नाही, आणि कोण बरोबर होते याचा निकालही लागत नाही. मुद्दा सोडलेला नाही. माणूसही सोडलेला नाही.

बाबूजींनी त्या फेब्रुवारीत ही गाणी किती वेळा ऐकली ते नातीने मोजले नाही. एके दिवशी दुपारी, दुकानात कोणी नसताना, त्यांनी तिला ती दोन पाने आणायला सांगितली आणि म्हणाले, “यात एक नाव राहिलं आहे.”

ते नाव घरातल्या धाकट्यांना ऐकूनही ठाऊक नव्हते. १९७२ साली दुकान एकट्याने उघडलेच नव्हते. दोघे भागीदार होते. दोघे एकाच वेळी सायकलवरून वाडी-वस्तीवर धोतरजोड्या आणि लुगडी घेऊन जात. दुष्काळात उधारीवर कापड द्यायचे की नाही यावर रात्र-रात्र बोलत. द्यायचे ठरले. माणसांच्या अंगावर कापड नाही आणि आपल्या फडताळात ताके आहेत, हे त्या दोघांना बघवले नाही. पुढे त्यांतली बरीच उधारी बुडाली. ती कोणाच्या अंगावर घालायची, यावरून १९८१ मध्ये भागीदारी मोडली. कागद झाला, सह्या झाल्या, जागा आणि पाटी बाबूजींकडे राहिली. भागीदाराने समोरच छोटे दुकान टाकले. ते तीन दिवाळ्या चालले. सगळ्या गावाचे गिऱ्हाईक जुन्या पाटीला सरावलेले होते. तो रिसोडला गेला आणि २००९ मध्ये वारला.

दरवर्षी संवत्सरीनंतर बाबूजींच्या दुकानातून क्षमापनेची पत्रे जात. यादी मुनिमाकडे असे आणि त्या यादीत रिसोडचा पत्ताही होता. म्हणजे ‘मिच्छामि दुक्कडं’ हे शब्द त्या घरी जवळजवळ तीस वर्षे पोचत होते, छापील. छापील पत्राला उत्तराची अपेक्षा नसते, आणि उत्तर कधी आलेही नाही. लग्नकार्यात गाठ पडे. हात जोडले जात. प्रकृतीची चौकशी होई. यापलीकडे काही नाही.

नातीने नवी पाने लिहायला घेतली. बाबूजी सांगत आणि ती लिहून घेई. मध्येच ते थांबत, कारण चाळीस वर्षे जी हकीकत एका बाजूने मनात बसली आहे ती दुसऱ्या बाजूने सांगणे फार अवघड. “त्याने हट्ट धरला,” असे एकदा म्हणाले, थोड्या वेळाने म्हणाले, “खोड ते. आमचं पटलं नाही, असं लिही.” भागीदाराचे नाव संस्थापक म्हणून आधी आले, बाबूजींचे नंतर. ज्या शिंप्याने पहिली दहा वर्षे दुकानाच्या ओट्यावर मशीन लावून गिऱ्हाईक धरून ठेवले होते, त्याच्याविषयी चार ओळी आल्या. गावातले सर्वांत जुने कापडाचे दुकान, जे यांच्या भरभराटीच्या काळात बंद पडले, त्याचाही उल्लेख आला. घरातल्या एकाने विचारले, की आपल्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या बंद पडलेल्या दुकानाची आठवण कशाला? बाबूजींनी उत्तर दिले नाही.

एप्रिलच्या अखेरीस, पाने छापून झाली आणि बांधणी तेवढी राहिली, तेव्हा बाबूजी नातीला घेऊन रिसोडला गेले. भागीदाराच्या पत्नी आता ऐंशीच्या घरात. त्यांनी पाणी दिले, जुन्या माणसांची चौकशी केली. दृष्टी अधू झाली होती, म्हणून पान नातीनेच वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या.

“सगळं बरोबर लिहिलंय, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “एवढंच, की भांडवल निम्मं-निम्मं नव्हतं.”

बाबूजींनी मान वर केली.

“तुमच्याकडचे पैसे कमी पडत होते. मुहूर्त टळू नये म्हणून यांनी माझ्या पाटल्या मोडल्या. अकोल्याला. तुम्हाला सांगू नको म्हणाले. कमीपणा वाटेल म्हणाले तुम्हाला.” त्या किंचित हसल्या. “बुडीत उधारीवरून वाद झाला तेव्हाही मी म्हटलं, आता तरी सांगा. नाही सांगितलं.”

परतीच्या वाटेवर बाबूजी काही बोलले नाहीत. डोणगाव आल्यावर मात्र ते घरी न जाता नातीला घेऊन सरळ पुढे मेहकरच्या छापखान्यात गेले. तयार झालेले ते पान काढून टाकायचे आणि नव्याने छापायचे, असे त्यांनी सांगितले. छापखानेवाल्याने लग्नसराईची कामे दाखवली आणि अक्षय तृतीयेपूर्वी ते होणार नाही म्हणाला. बाबूजींनी वेळ मागितला तेवढा दिला.

३ मे रोजी दुकानापुढे मांडव पडला, पूजा झाली, तालुक्यातले व्यापारी आले. रिसोडहून भागीदाराच्या पत्नीही मुलासह आल्या आणि गादीशेजारच्या खुर्चीवर बसल्या. आलेल्या प्रत्येकाला उसाचा रस मिळाला. स्मरणिका मिळाली नाही; ती आठ दिवसांनी घरोघर पोचवली गेली.